चोक अडकला म्हणून कार्बोरेटर बदलू नका!



दि. २० मार्च २०२४. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना लहानथोर सारे आबा म्हणतात, त्यांच्या गाडीतून आम्ही चेंबूरहून पहाटे तीन वाजता महाडला निघालो. गाडी १९९४ सालची मारुती ८००. आबा महापालिकेत झाडूखात्यात होते. २००३ साली त्यांनी ही गाडी एका साहेबाकडून जुनी म्हणून विकत घेतली, तेव्हा आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी होती. तिच्यातून किती नवऱ्या सासरी गेल्या, किती बाळंतिणी इस्पितळात गेल्या आणि वर्षावासात भन्तेजींना किती गावी नेले, याचा हिशेब आबांकडेही नाही. तेव्हा ही गाडी म्हणजे नुसता पत्रा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गाडीत पुढे आबा आणि आम्ही. मागे आबांची आई, वय वर्षे ८८, आणि आबांची नात. आजींचे वडील १९२७ च्या मार्चमध्ये पायी महाडला गेलेले. "एकदा अजून तळ्याचं पाणी हाताला लागू द्या," एवढेच आजींचे मागणे होते. नात आयटीआयमधून 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड पास झालेली. घरात तिच्या या शिक्षणाची थट्टाच जास्त व्हायची. मुलीच्या जातीला ग्रीस कशाला, असे आपल्याच बायाबापड्या म्हणायच्या. असो.

पहाटे गाडी थंड, म्हणून आबांनी चोकची मूठ ओढून सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. दोन मिनिटांनी त्यांनी मूठ आत ढकलली. पण पनवेल सोडले आणि गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. वडखळला मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न देऊन सांगितले की सायलेन्सरमधून काळा धूर येतोय. आबा म्हणाले, "जुनी आहे, खाईल थोडं." माणगावच्या पुढे लोणेरे येते. तिथे चहासाठी थांबलो. चहा झाला, आबांनी चावी फिरवली, सेल्फ गरगर फिरला, पण गाडी काही उठेना. दहा वेळा मारला. बॅटरीचा आवाज बसत चालला आणि पेट्रोलचा वास असा की डोके दुखावे.

अशा वेळी रस्त्यावर सल्लागारांना तोटा नसतो. एकाने सांगितले, समोर नारळ फोडा. दुसरा म्हणाला, गाडीला लिंबू-मिरची नाही, दृष्ट लागली असणार. आमच्या गाडीच्या काचेवर निळा झेंडा आणि डॅशबोर्डवर तथागतांची छोटी मूर्ती, लिंबू कुठून असणार! तिसरे गृहस्थ मात्र खरे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडले, दोन मिनिटे पाहिले आणि निकाल दिला, "कार्बोरेटर गेला. नवा मिळत नाही, जुना चांगला बघून टाकतो, चार हजार होतील, संध्याकाळपर्यंत गाडी मिळेल." आबांच्या खिशात त्या दिवशी दोन हजार होते, आमच्याकडे बाराशे. आणि संध्याकाळपर्यंत म्हणजे आजींचे तळे गेलेच. आबा मान खाली घालून उभे राहिले. दोघांचे मिळून बत्तीसशे, बाकीचे कुणाकडे मागावे, असा विचार आमच्याही मनात आला होता, हे कबूल करतो.

तेव्हा नात म्हणाली, "आबा, थांबा. आधी केबल सोडून बघू."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहिला आहे. जिथे ती हे बोलली तिथून जवळच लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेले. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. ती मागणी कशासाठी होती, हे आम्हाला त्या चहाच्या टपरीसमोर जरा उशिराच उमजले.

आता चोक म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन गरम असताना साधारण पावणेपंधरा किलो हवेला एक किलो पेट्रोल हे प्रमाण चांगले जळते. पण थंड इंजिनात पेट्रोलची पुरती वाफ होत नाही, बरेचसे नळीच्या थंड भिंतींना चिकटून राहते. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी द्यावी लागते. यासाठी कार्बोरेटरच्या तोंडाशी एक गोल पातळ झडप असते. मूठ ओढली की केबल खेचली जाते आणि झडप आडवी होऊन तोंड झाकते. हवा अडली की इंजिनाची ओढ वाढते आणि जेटमधून पेट्रोल जास्त खेचले जाते. मूठ आत ढकलली की झडप उभी होते, हवेची वाट मोकळी. एवढाच हा खेळ.

झडप अडकण्याचे दोन प्रकार, आणि दोन्हींची लक्षणे अगदी उलट. झडप मिटलेली अडकली तर सकाळी गाडी झकास सुरू होते, आणि इथेच माणूस फसतो! त्रास गरम झाल्यावर सुरू होतो. काळा धूर, पेट्रोलचा वास, सिग्नलला गचके देत बंद पडणे आणि गरम गाडी थांबवली की पुन्हा सुरू न होणे. प्लग काढून पाहिले तर त्यांवर चिमणीच्या काचेवर धरते तशी काजळी. झडप उघडी अडकली, किंवा केबल तुटली, तर दिवसभर काही तक्रार नाही. फक्त सकाळी सेल्फ मारून मारून हात दुखतो, गाडी खोकते आणि मरते. मूठ ओढताना काहीच जोर लागत नसेल आणि ती नुसतीच हातात येत असेल, तर केबल तुटली किंवा पेचातून निसटली असे समजावे.

आमच्या गाडीची लक्षणे पहिल्या प्रकारची होती. पनवेलपासून गाडी ओरडून सांगत होती, पण आम्ही ऐकले नाही.

नातीने काय केले ते क्रमाने सांगतो, कारण हे कुणालाही जमण्यासारखे आहे. पहिले काम म्हणजे बॉनेटशी वाकून विडी ओढणाऱ्या त्या नारळवाल्या गृहस्थाला तिने लांब पाठवले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि ठिणगीची वाट बघते. मग तिने अर्धा तास काहीच केले नाही. आम्ही घाई केली, पण ती म्हणाली, "काका, इंजिन निवू द्या, मगच हात घालते." ओढणी काढून पाठीमागे गाठ मारली. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. मग एअर फिल्टरचे डबडे काढले. कार्बोरेटरचे तोंड दिसले. आबांना म्हणाली, मूठ पूर्ण आत ढकला. आबांनी ढकलली. झडप उभी व्हायला हवी होती, ती तीन हिस्से मिटलेलीच राहिली.

इथपर्यंत आम्हालाही कळले की चोक अडकला आहे. पण अडकला कुठे? झडपेच्या दांड्याशी की केबलमध्ये? मिस्त्रीने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. नातीने झडपेच्या लहान दांडीवरचा केबलचा पेच सैल केला आणि तार मोकळी केली. आता झडप केबलच्या तावडीतून सुटली. बोटाने हलवली तर ती जरा चिकट, पण हलली आणि सोडल्यावर स्प्रिंगने आपोआप उघडली. म्हणजे कार्बोरेटर गेलेला नव्हता. मग तिने आबांना मूठ पुन्हा ओढायला सांगितली. मूठ अर्ध्यात अडकली, तार जागची हलेना. दोष केबलमध्ये. केबलवरून बोट फिरवत ती बॅटरीपाशी आली आणि हसली. महिन्यापूर्वी नवी बॅटरी बसवताना कुणीतरी केबल पट्टीखाली चेपून ठेवली होती. बाहेरची नळी चपटी झाली होती आणि आतली तार तिथे चावली जात होती.

बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना जे सांगितले ते आपण विहारात दर महिन्याला ऐकतो. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. पण रस्त्यावर बॉनेट उघडे असताना ते आठवायला आम्हाला एका विशीतल्या मुलीची गरज पडली.

पट्टी सैल करूनही चेपलेली केबल काही सरळ होईना. मग तिने केबल तशीच सोडून दिली, तार फिरत्या भागांत जाऊ नये म्हणून दोऱ्याने बाजूला बांधली, झडप पूर्ण उघडी असल्याची खात्री केली आणि फिल्टर बसवला. गरम इंजिनाला चोक लागतच नाही, मग केबल हवी कशाला? बॅटरीची तार जोडली. आबांना सांगितले, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. पाय तळापर्यंत दाबला की हवा भरपूर जाते आणि साचलेले पेट्रोल बाहेर फेकले जाते. वारंवार पंप केला तर उलट आणखी पेट्रोल पडते. आबा मघापासून नेमके तेच करत होते. सात-आठ सेकंद सेल्फ फिरला, काळ्या धुराचा एक लोट निघाला आणि गाडी सुरू झाली. चहावाल्याने टाळ्या वाजवल्या. दहाच्या सुमारास आम्ही तळ्यावर होतो. आजींनी पायरीवर बसून ओंजळ भरली आणि बराच वेळ ती सोडली नाही.

परत आल्यावर पुढच्या रविवारी विहाराच्या आवारात आम्ही बाकीचे काम केले. नवी केबल आणली. आतून झडपेचा दांडा जिथे फिरतो तिथे तपकिरी चिकट थर होता. इंजिनातली तेलकट वाफ फिल्टरच्या डब्यात येते, तिच्यावर धूळ बसते, आणि गाडी पडून राहिली की उडून गेलेल्या पेट्रोलचा राळेसारखा साका उरतो. हे सारे दांड्याच्या सांध्यात जमते. इंजिन थंड असताना कार्बोरेटर साफ करायचा फवारा मारला, जुन्या टूथब्रशने घासले, झडप पन्नासेक वेळा उघडझाप केली. फवारा डोळ्यांत जाऊ देऊ नये. आणि त्या सांध्यावर तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. दोन दिवस झडप लोण्यासारखी फिरते आणि महिन्याभरात धूळ बसून पहिल्यापेक्षा घट्ट होते. ही चूक आम्ही पूर्वी आमच्या स्कूटरवर स्वतः केलेली आहे. तेलाची जागा केबलमध्ये. शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब नळीच्या वरच्या तोंडातून सोडले की पुरे. आजींच्या यंत्राची बाटली उपयोगी पडली.

नवी केबल जोडताना एक खुबी आहे. मूठ अगदी टोकापर्यंत आत असताना तार घट्ट करायची नाही. मूठ दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवावी, झडप हाताने पूर्ण उघडी धरावी आणि मग पेच आवळावा. म्हणजे मूठ आत ढकलल्यावर थोडी ढील राहते आणि झडप पूर्ण उघडते. नंतर मूठ पूर्ण ओढून झडप पूर्ण मिटते का तेही पाहावे. केबलला तीव्र वळण देऊ नये, सायलेन्सरच्या गरम नळीजवळून नेऊ नये, आणि बॅटरीची पट्टी, हे तर आता सांगायला नको. काम चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडके ठेवावे, एखादा नट आत पडला तर इंजिनाचे वाटोळे होते. ते फडके शेवटी आठवणीने काढावे! फिल्टरचे नट जीव खाऊन आवळू नयेत. त्याने कार्बोरेटरचे वरचे तोंड वाकते आणि झडप कडेला घासू लागते. मग कितीही फवारे मारा, ती अडकणारच.

ज्यांच्याकडे अजून जुनी अँबॅसिडर आहे त्यांनी तोंडाशी झडप शोधत बसू नये. तिच्या सोलेक्स कार्बोरेटरला बाजूला एक फिरती चकती असते आणि थंड इंजिनासाठी पेट्रोलची वेगळी वाट ती उघडते. पण परीक्षा तीच. केबल सोडा, बाजूची दांडी बोटाने फिरवा. फिरली तर केबल दोषी, नाही फिरली तर चकती. २००० सालानंतर हळूहळू सगळ्याच गाड्यांत पेट्रोल फवारणारी नवी पद्धत आली, त्या गाड्यांना कार्बोरेटर नाही आणि ओढायची मूठही नाही, तेव्हा त्यांच्या मालकांनी हा लेख जुनी गाडी जपणाऱ्या शेजाऱ्याला द्यावा.

आम्ही कारकून माणसे, म्हणून थोडा हिशेबही मांडतो. आबांची गाडी एरवी लिटरला १६ किलोमीटर देते. त्यांच्या वहीत त्या महिन्याची नोंद ११ ची निघाली. महिन्याला ५०० किलोमीटर धरले तर कुठे ३१ लिटर आणि कुठे ४५! चौदा लिटर पेट्रोल काळा धूर होऊन गेले. आणि नुकसान एवढ्यावर थांबत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलावे, ती काटकसर महागात पडते. आबांनी बदलले. शिवाय पीयूसीच्या तपासणीत अशा जुन्या पेट्रोल गाडीला धुरातला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. मिटलेल्या चोकवर गाडी तिथे नापास होते आणि पासिंगचे काम अडते. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. बंद शेडमध्ये किंवा दार लावलेल्या गॅरेजात गाडी सुरू ठेवून चोक तपासणे म्हणजे जिवाशी खेळ. मुलांना तर जवळ फिरकू देऊ नये.

पेट्रोलबद्दल एक शब्द. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. १९९४ ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून जुनी गाडी महिना-महिना उभी ठेवू नये, आठवड्यातून एकदा तरी चालवावी. रबरी नळ्या तपासून घ्याव्यात, भेगा दिसल्या तर बदलाव्यात.

हे सगळे करूनही काळा धूर थांबला नाही तर? झडप मोकळी, केबल मोकळी, तरी पेट्रोल जास्तच येते, असे असेल तर आधी एअर फिल्टर झटकून पाहावा, कोंदला असेल तर बदलावा. तोही चांगला असेल तर दोष कार्बोरेटरच्या पोटात असतो. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याची सुई गळत असेल, जेट झिजले असतील. ते काम खरोखर जाणत्या मिस्त्रीचे, तिथे आपण पेचकस घेऊन शिरू नये. सगळेच मिस्त्री लोणेऱ्यात भेटलेल्यासारखे नसतात. आमच्या वस्तीतच दोघे असे आहेत की पाच मिनिटांच्या कामाचे पैसेही घेत नाहीत. मात्र गाडी देताना "कार्बोरेटर बघा" असे मोघम सांगू नये. "चोकची केबल सोडून पाहिली, झडप मोकळी आहे, फिल्टर स्वच्छ आहे," असे सांगावे. म्हणजे समोरच्यालाही कळते की माणूस पाहून आला आहे.

आबांनी आता चोकच्या मुठीच्या दांड्यावर निळ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. मूठ नीट आत गेली असेल तर रेघ दिसत नाही. रेघ दिसली की मागच्या सीटवरून आजी ओरडतात, "अरे, ते निळं दिसतंय बघ!"